कडवट घोट

उदगीरच्या त्या गल्लीत नव्या जिल्ह्याच्या गप्पा रोज येत, टँकर येत नसे. रांगेत पुढं भामाबाई आणि तिची शेजारीण मंजुळाबाई बोलत होत्या. मागं घागर घेऊन उभी कोंडाबाई ऐकत होती.

"भामाबाई, काल प्रणिताला बघायला पाव्हणे आल्ते म्हणं?"

"आल्ते की. माझा जीव मुठीत. पोरीची मान उडती, पापणी फडफडती. ते झाकावं कसं?"

"ते टॉनिक वॉटर पाजायलीस ना?"

"त्यातल्या कोयनेलनं मान उडायची थांबती, असं कुणी सांगितलं म्हणून लातूरहून मागवलं. कडू जहर नुसतं. गुण काय न्हाई."

"मग पाव्हण्यांपुढं मान उडाली?"

"त्याच्या आधीच घोळ झाला. आल्यागेल्याला पाणी तर द्यावं लागतंय, अन् रांजण कोरडा. सासूबाईनं विकतचं पाणी समजून तीच बाटली पेल्यांत ओतली."

"अगं बाई."

"पोराच्या मामानं घोट घेतला अन् अंगणात जाऊन थुकला."

"अन् पोरगा?"

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. कोंडाबाईला तो नकोसा वाटला.

"त्यानं सगळा पेला पिला. तोंडबी वाकडं केलं न्हाई. प्रणिता चहा घेऊन आली, तिची मान उडालीच. तवा हळूच म्हणला, 'तुम्हाला गुण आला का यानं? मला तर न्हाई आला.'"