चुकल्यावरची माया

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा — उत्तर येत असून माणूस मुद्दाम चुकतो का? नाही म्हणता? मग ऐका.

एका विद्यापीठात सुनेत्रा टिल्लू नावाच्या बाई. मुलांना यंत्रावर खेळता खेळता शिकवायचं कसं, यात त्यांनी उभी हयात घातली. त्यांनी टॅबलेटवर अपूर्णांकांचा खेळ रचला. उत्तर बरोबर आलं की नुसतं 'टिंग' — पुढचं गणित! चुकलं तर खुद्द बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज, "असू दे राजा, आपण मिळून बघू."

खेळ खेड्यातल्या शाळेत दिला. याच खेळाच्या जोरावर सोमवारी बाईंची प्रोफेसरपदाची मुलाखत. आणि शाळेतून खेळाचा निकाल काय आला? मुलं पहिल्यापेक्षा जास्त चुकायला लागली.

बाईंनी तडक शाळा गाठली. चौथीतल्या तेजलशेजारी बसल्या. पोरीनं कागदावर गणित अचूक सोडवलं — आणि टॅबलेटवर चुकीच्या उत्तरावर बोट ठेवलं.

"अगं, येतंय की तुला."

"येतंय. पण बरोबर आलं की तुम्ही बोलतच नाही, बाई."

घ्या! एवढ्या मोठ्या विदुषीला चौथीतल्या पोरीनं शिकवलं.

सहकारी दाभाडेसर म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज काढून टाका, चुकलं की भोंगा वाजवा. आकडे सुधारतील, मुलाखत खिशात." सल्ला व्यवहाराचा. तुम्ही-मी लगेच घेतला असता.

"आणि तेजलशी कोण बोलणार, सर?" म्हणत बाई पुन्हा रेकॉर्डिंगला बसल्या. बरोबर उत्तरासाठी.

मुलाखतीत अध्यक्षांनी भिवया चढवल्या. "तुमच्या खेळानं मुलं मागे गेली?"

"गेली, सर. मी फक्त चुकणाऱ्याशीच मायेनं बोलले." असं म्हणून बाईंनी नवा खेळ पुढे केला.

अध्यक्षांनी गणित सोडवलं. टॅबलेट म्हणाला, "वा राजा, कसं सुचलं तुला? सांग ना." आता, सत्तरीच्या माणसाला हे किती वर्षांत कुणी विचारलं असेल? त्यांनी चष्मा पुसला. मग हळूच, "पुढचं गणित कुठे दाबायचं?"

पद मिळालं हो बाईंना. पण तुमचं काय?

भाजीत मीठ कमी पडलं की अख्ख्या आळीला कळतं. बरोबर पडतं त्या दिवशी? ताट सरकवून टीव्हीपुढे! पोरगा मारामारी करून आला की त्याला शेजारी बसवून तासभर बोलता. गुमान अभ्यासाला बसतो, तेव्हा बाप मोबाइलमध्ये. मग त्यानं मारामारी सोडावी तरी का?

आज घरी जाल. पान वाढलेलं असेल. तोंड घासापुरतंच उघडू नका.