यशोदेचं प्रश्नचिन्ह

नाही भिकमचंदभाऊ, चहा नको — धुळ्याहून जळगावला मी चहासाठी नाही आले. तुमचा दिवाळी अंक देखणा झालाय, मुखपृष्ठ छान, माझं नाव ठळक, सगळं मान्य. पण माझ्या कथेचं शेवटचं पान उघडा. यशोदा सासरहून मार खाऊन माहेरी आलीय, ओसरीवर बापासमोर उभी आहे, आणि म्हणते — वाचा ना! 'आता मी परत जायचं.' पूर्णविराम! मी प्रश्नचिन्ह दिलं होतं, भाऊ. 'आता मी परत जायचं?' — पुढे बाप गप्प, म्हणून नुसती एक रेघ, तीही तुम्ही उडवली. काय म्हणता, सुटसुटीत केलं? टिंबं-रेघा फार होत्या? अहो, बोलताना माणूस अडतो तिथं रेघ येते, शोभेला नाही देत मी! ती विनवत होती, आणि तुम्ही तिला निर्णय घ्यायला लावलात. वाचकांना आवडलं? हो, मलाही पत्रं आली — म्हणे स्वाभिमानी नायिका! कसला स्वाभिमान? तिला वाटत होतं, बाप म्हणेल, नको जाऊस, राहा. एवढंच. मी तिथं उभी राहून वाट — म्हणजे यशोदा. यशोदा वाट पाहत होती.

असं बघू नका माझ्याकडे.

आबांनी वाचला अंक. माझे वडील — कधी काही वाचत नाहीत, पण हा वाचला. मला हाक मारली, त्या ओळीवर बोट ठेवलं. "हाई तूच लिखेल शे ना?" म्हणाले. हे तूच लिहिलंयस ना — म्हणजे काय, तर जायचं तूच ठरवलं होतंस! इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता. मी पेन घेतलं, त्यांच्यासमोरच त्या पूर्णविरामाचं प्रश्नचिन्ह केलं. आबांनी चष्मा पुसला, पाहिलं. "छापेल शे ते खरं," म्हणाले, आणि अंक उशाखाली सारला.

गेले का परत? गेले. पुढचं कथेत नाही, आणि तुम्हालाही सांगायचं नाही.

माफी नको, दुरुस्ती छापा. दोन ओळी. छापलेल्या — आबांना दाखवायला. पुढच्या दिवाळीला? मधे अंकच नाही? भाऊ, त्यांना आता खाटेवरून उठवत नाही हो. पुढच्या दिवाळीपर्यंत ते —

राहू द्या. बसा तुम्ही. निघते मी.