दोन पिशव्या, दोन सुया

हॅलो?… हां आई, बोल… ऐकू येतंय गं. साखर कारखान्यात हाय, वजनकाट्यावर. ट्रॅक्टरचा आवाज हाय तो… जेवले. दोन भाकरी. हो, हो, दोघांच्या वाटच्या…

सोमवारी? न्हाई. नगरला जायचं न्हाई… अगं ऐक ना! ती सुईची तपासणी मी करनार न्हाई. डॉक्टरीणबाईंना कालच सांगितलंय.

घाबरून न्हाई गं, इंजेक्शनला मी कधी घाबरले?… पोटातनं सुई घालत्यात, पिशवीतलं पानी काढत्यात. माझ्या पोटात पिशव्या दोन, म्हणजे सुया दोन… डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, एकटं लेकरू असल्यावर धोका कमी, जुळ्यांना जास्त. एखादीचं पोट पडतं… थोड्या जणींचंच, मान्य. पन त्या थोड्यांत मी निघाले तर? एकाला काय झालं तर दुसऱ्याचंबी खरं न्हाई.

रक्ताचा रिपोर्ट?… ‘लेकरात दोष असायची शक्यता जास्त’ असं लिहिलंय. ‘हायच’ असं न्हाई लिहिलं. आई, आठ वर्षं झाली काट्यावर बसते. बांधावर उभं राहून लोक उसाचा अंदाज सांगत्यात ना, तसला रिपोर्ट हाय तो… हो, मग सुई म्हणजे काटा, बरोबर बोललीस. पन ह्या काट्यावर चढताना ट्रॉली पलटी व्हायची भीती हाय. अन् ट्रॉलीत माझी दोन लेकरं हायत.

काय?… सुईच्या कागदावर कुनी सही केली?… ह्यांनी? कधी?… तू सांगितलंस म्हणून? वा! सासू-जावई मिळून माझ्या पोटाचं ठरवून मोकळे!… ओरडत न्हाई… बरं, ओरडते! तो कागद मी वाचलाय, मराठीतच हाय. गर्भवती महिलेची सही, असं लिहिलंय तिथं. नवऱ्याच्या सहीला तिथं कुनी इचारत न्हाई.

लोक? म्हणू दे की लोकांना. लोक येनारेत का दूध पाजायला?… सोनोग्राफीला जाईन, बोलावतील तितक्यांदा जाईन. तिथं सुई न्हाई.

सहादेवचं काय?… माहीत हाय, आई, भाऊच हाय माझा. चौतीस वर्षं झाली, अजून त्याच्या शर्टाची बटनं तू लावतीस. शाळेनं घेतला न्हाई. लग्नाकार्याला तुला कुनी त्याच्यासकट बोलावलं न्हाई. दमलीस तू. माझ्यावर तशी येळ येऊ नये म्हणून भितीस, कळतं गं मला. लई कळतं.

पन एक इचारू? तवा असली सुई असती, अन् कुनी सांगितलं असतं, तर घेतली असतीस?… खरं सांग हां…

…घेतली असतीस. बरं. खरं बोललीस.

मग त्याच पोटात, त्याच्या शेजारी कोन हुतं गं?… मीच ना? माझ्या पिशवीतबी घातली असतीस ना सुई?…

आई… अगं रडू नको. तुला बोल लावत न्हाई मी. दोघंबी आलो ना आमी? दोघांनाबी वाढवलंस ना?…

हां साहेब, आले, आले! घेते ट्रॉली… आई, ऐक. जीपवाल्या भिमाजीला येऊ नको म्हणून सांग. सोमवारी मी ड्युटीवर हाय… न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई. डोळे पूस. ठेवते.