तेवीस लिटर इडलीचं पीठ

...नाही, पण मी म्हणतो, टॉवेल घ्यायला गेलेल्या माणसानं टॉवेल घ्यावा आणि निघावं की नाही? वास कशाला घ्यायचा? बरं, साध्यासुध्या माणसानं घेतला असता तर चाललं असतं हो, पण विश्वनाथरावांचं नाक! तुम्हाला सांगतो, ते नाक साधं नाही, चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेलं नाक आहे ते! दारूबंदी खात्यात. दुय्यम निरीक्षक. सोलापूर जिल्ह्यातल्या ओढ्याकाठच्या हातभट्ट्या या माणसानं नुसत्या वासावर पकडल्या. जीप थांबवायची, नाक वर करायचं, "डावीकडे घ्या. तीन दिवसांचं रसायन. गूळ काळा." की झालं, छापा! आणि असा माणूस राहायला कुणाकडे यावा? तर पोटच्या पोराकडे, न्यूझीलंडात हॅमिल्टनला, जिथं पोरानं नेमकं... थांबा, आधी पोराचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मधूनच सुरू करतो. करतोच मी मधून. आमची ही पण तेच म्हणते.

तर यतीन. माझा दोस्त. शिकायला आला, शिकला, दुधाच्या पावडरीच्या कंपनीत लॅबमध्ये चिकटला, स्नेहलशी लग्न केलं, घर घेतलं. सगळं सुरळीत. आता सुखी माणसानं काय करावं? गप्प बसावं! पण शेजारी कोण? ट्रेव्हर. सत्तरीचा गडी, गायीबियी विकून निवांत झालेला, भर थंडीत जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, घालून फिरणारा. हा ट्रेव्हर घरीच बिअर बनवतो, आणि अशी बनवतो, अशी बनवतो की... जाऊ दे, संध्याकाळ व्हायची आहे अजून. यतीन तिचे दोन ग्लास प्यायला आणि म्हणाला, "मी पण बनवणार! लॅबमध्ये आहे मी, मला काय अवघड?"

आणि तसं अवघड काही नाहीच. दुकानात किट मिळतं. एक डबा, त्यात काकवीसारखा काळाकुट्ट पाक, माल्टचा, आणि झाकणाखाली यीस्टची पुडी. पाक गरम पाण्यात कालवायचा, किलोभर साखर घालायची, पिंपात तेवीस लिटरपर्यंत पाणी भरायचं, वरून यीस्ट भुरभुरायचं, झाकण लावायचं आणि गप्प बसायचं. तेच तर जमत नाही ना! यतीन दिवसातून चार वेळा झाकण उघडणार, भात शिजला का बघतात तसं बघणार, वर त्याच चमच्यानं ढवळणार, ज्या चमच्यानं सकाळी पोहे खाल्ले!

पहिली बिअर झाली ती ओल्या पुठ्ठ्यासारखी. दुसरीच्या बाटल्यांत साहेबांनी साखर जास्त घातली, तर गॅरेजमध्ये एकेक बाटली फटाफट फुटायला लागली आणि स्नेहल भूकंप समजून टेबलाखाली जाऊन बसली. तिसरीला तर जखमेवरच्या पट्टीचा वास! आणि दर वेळी यतीन एक ग्लास घेऊन कुंपणापाशी जाणार, ट्रेव्हरला देणार. ट्रेव्हर सज्जन. एक घोट घ्यायचा, आभाळाकडे बघायचा, "येsह... नाsह... इंटरेस्टिंग, मेट!" आणि यतीननं पाठ फिरवली की उरलेला ग्लास कुंपणाजवळच्या लिंबाच्या झाडाच्या बुंध्याशी. यतीनला काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं! तीन वेळा! लिंब मात्र असं तरारलं, असं लगडलं... त्या रस्त्यावर यतीनची बिअर आवडीनं पिणारं तेवढं एकच होतं.

मला फोनवर म्हणायचा, "बाकी काही नको रे. एकदा, फक्त एकदा ट्रेव्हरनं माझा ग्लास तळापर्यंत प्यावा. ऑक्टोबरात लेबर वीकेंडच्या सुट्टीत त्याच्याकडे बार्बेक्यू आहे. त्याच्या आत जमलीच पाहिजे." आवाज असा, की मला हसूसुद्धा येईना.

म्हणून सप्टेंबरात चौथं पिंप लावलं. इकडच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, कायम उबदार. लोक त्यात टॉवेल ठेवतात. स्नेहल त्यात विरजण लावते, इडलीचं पीठ ठेवते. यतीननं तिथंच पिंप कोंबलं. शनिवारी कोंबलं आणि मंगळवारी बाबा, म्हणजे तेच विश्वनाथराव, हजर! यायचे होते डिसेंबरात, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आधीच आले. आणि बाबांना यतीनबद्दल माहिती किती? तर पोरगं सुपारीलासुद्धा शिवत नाही, एवढी.

मी म्हटलं, "अरे, सांगून टाक. घरी पिण्यापुरती बनवायला इथं बंदी थोडीच आहे!" तर रडकुंडीला येऊन म्हणतो, "तेच तर! इथं लीगल आहे हो! पण हे बाबांना सांगायचं कुणी?"

आणि मग तो टॉवेल.

बाबा आंघोळीला निघाले, कपाट उघडलं आणि थांबले. नाक वर. इकडे स्वयंपाकघरात यतीनच्या हातातला कप थांबला. पिंपाच्या झाकणावरच्या नळीतून आवाज, बुडुक... बुडुक...

"यतीन, हे काय आहे रे?"

आता इथं माणसानं काय बोलावं? "बिअर आहे बाबा, इथं लीगल आहे हो!" संपला विषय! पण हा पठ्ठ्या म्हणतो, "इडलीचं पीठ."

"एवढं?"

"तेवीस लिटर. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम आहे."

स्नेहलनं कपाळावर हात मारला. बाबांनी पिंपाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि फक्त म्हणाले, "बरं."

बरं! तुम्हाला सांगतो, या "बरं"ला सोलापूर जिल्ह्यात लोक घाबरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणतात, "यतीन, तुझ्या पिठाला ऊब फार होतेय. एवढा मोठा घाणा असला की तो आपला आपण तापतो. कपाटातून काढ, बोळात गार कोपऱ्यात ठेव, वर एक चादर टाक." यतीनची मान खाली. उचललं पिंप, ठेवलं बोळात. तिसऱ्या दिवशी, "झाकण उघडू नकोस सारखं. पिठाला दृष्ट लागते." चौथ्या दिवशी तर गोष्टच लावली. "आमच्याकडे एक काशिनाथ होता. अकरा वेळा पकडला मी त्याला. बेणं इरसाल, पण त्याचा... माल घेऊन कधी कुणाचं डोकं दुखलं नाही. का? तर भांडं उकळत्या पाण्यानं धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. स्वच्छता! आता काशिनाथ इडल्या करत नव्हता म्हणा. पण नियम एकच."

यतीनला घाम! रात्री स्नेहलला म्हणतो, "यांना कळलंय का गं?" ती म्हणाली, "नाही रे, त्यांना वाटतंय आपण तेवीस लिटर इडल्या खातो."

आठवा दिवस उजाडला. किटच्या कागदावर लिहिलेलं, आठवड्यानं बाटल्यांत भरा. बाबा म्हणाले, "कागदाचं काय ऐकतोस? बुडबुडा पूर्ण थांबू दे, वर आठवडा जाऊ दे." यतीन थांबला! जन्मात पहिल्यांदा हा मुलगा कशासाठी तरी थांबला!

पंधराव्या दिवशी बाबा फिरायला गेलेले बघून यतीननं घाईघाईनं बाटल्या काढल्या, उकळत्या पाण्यानं धुतल्या, बरं का, काशिनाथाचं नाव घेऊन धुतल्या, मोजून साखर घातली, आणि भरायला घेतलं तेवढ्यात मागचं दार उघडून बाबा आत, आणि त्यांच्या मागे ट्रेव्हर! दोघांची कुंपणावरून लिंबांची देवाणघेवाण होऊन गट्टी जमलेली. ट्रेव्हर आनंदानं ओरडला, "हाऊज द ब्रू, यतीन?"

बाबा शांतपणे वळले. खात्यातलं इंग्रजी बाहेर काढलं. "नो ब्रू, मिस्टर ट्रेव्हर. इट इज इडली बॅटर. माय सन हॅज गिव्हन स्टेटमेंट."

यतीनचा बांध फुटला हो! हातात नळी, नळीतून बिअर पायावर, आणि हा ओरडतोय, "बाबा, इथं लीगल आहे हो! लीगल आहे!"

"लीगल आहे हे मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "इथला कायदा वाचून आलोय मी. नळी वर धर आधी, वाया जातंय." मग खुर्चीत बसले. "अरे, चौतीस वर्षं लोक माझ्याशी खोटं बोलले. तो त्यांचा धंदा होता, मला कधी वाईट वाटलं नाही. पण तू? मी काय जीप घेऊन आलो होतो का रे तुझ्याकडे?"

यतीन रडला. चक्क रडला. ट्रेव्हरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी तो टोपी काढून उभा राहिला.

पण सरकारी नोकर तो सरकारी नोकरच! पोराचे डोळे पुसून झाल्यावर बाबांनी वही मागवली. पंचनामा. पंच क्रमांक एक, ट्रेव्हर. पंच क्रमांक दोन, स्नेहल, आणि तिनं खुशाल सही ठोकली! मुद्देमाल, साठ बाटल्या, बाबांच्या खोलीतल्या कपाटात, कुलपात. "चार आठवडे कुणी हात लावायचा नाही. मुरू दे."

आणि मग लेबर वीकेंड. मी स्वतः होतो तिथं, ऑकलंडहून खास गाडी काढून गेलो होतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. बाबा टेबल टाकून बसलेले. परवान्याशिवाय कुणालाही थेंब नाही! "आमच्याकडे प्यायला परवाना लागतो," म्हणाले. वहीच्या पानांवर एक दिवसाचे परवाने, वर बटाटा कापून केलेला शिक्का. आख्खा रस्ता रांगेत, आणि सगळे खूश! ट्रेव्हरनं तर आपला परवाना पाकिटात जपून ठेवला, बायकोच्या फोटोशेजारी.

त्यानं पहिला ग्लास उचलला. यतीन सॉसेज परततोय, पण सगळं लक्ष तिकडे. ट्रेव्हरनं घोट घेतला. आभाळाकडे बघितलं नाही. दुसरा घोट. तिसरा. आणि एका दमात तळ! मग उठला, लिंबापाशी गेला आणि ग्लास उपडा धरला. थेंबही पडला नाही. "स्वीट ॲज!" म्हणजे इकडचं 'एक नंबर', असा ओरडला की दोन घरं पलीकडचा कुत्रा भुंकला. "हू मेड धिस?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आयुष्यात थेंब चाखलेला नाही, त्या दिवशीही नाही चाखला, नुसता वास घेऊन मान हलवलेली. म्हणाले, "माय सन. आय ओन्ली केप्ट वॉच."

आणि यतीननं काय केलं? चिमटा टाकला, डोळे पुसले, आला टेबलापाशी आणि भरलेल्या ग्लासाकडे हात नेला. बाबांनी वहीवरून नजर वर केली.

"परवाना?"

"बाबा... अर्ज दिला होता ना सकाळी."

बाबांनी पान उलटून दाखवलं. रीतसर शिक्का मारलेलं. 'अर्ज नामंजूर. कारण, अर्जदारानं जन्मदात्यास खोटा जबाब दिला. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा.'

आम्ही सगळे दोन-दोन ग्लास रिचवून गप्पा मारत होतो, आणि ज्यानं बनवली तो कडेला बसून सरबत पीत होता, त्याच लिंबाचं, ज्यानं त्याच्या आधीच्या तीन बिअरी प्यायल्या होत्या. मी जवळ गेलो. म्हटलं, "यतीन, वाईट वाटून घेऊ नकोस. इथं लीगल आहे."

त्यानं सरबताचा घोट घेतला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "आहे ना. सगळ्या न्यूझीलंडात लीगल आहे हो... एक माझं घर सोडून."