तिच्या नावावर माझं बोट

काशाप्पा : बस माय, ती मशीन पिशवीत ठेव अन् बस. आज ह्या धनगरवस्तीत तुला कोनी बोट देनार न्हाई. कामून देनार न्हाई, त्याची एक गोष्ट हाय. ऐक, तुला सांगतो. आजपस्तोर कोनाला सांगितली न्हाई. नाव काय म्हनलीस?

पल्लवी : पल्लवी. गोष्ट नंतर सांगा हो अप्पा. दहा घरं फिरले, दहाही दारांतनं परत. एक बाई तर म्हणाली, तुमची साखरेची मशीन खोटं बोलते.

काशाप्पा : तेच सांगायलो की. गेल्या साली तुमच्यातली एक पोरगी आलती. शिवकन्या. ठाव हाय का तुला?

पल्लवी : शिवकन्या अक्का? नर्सिंग कॉलेजात आमच्या एक वर्ष पुढं होती. आता आमच्याच वर्गात बसते. वर्ष गेलं तिचं. राजेश्वर गावाच्या बाजूला कुठल्या तरी वस्तीवर एका बाईची साखर चुकीची लिहिली म्हणून.

काशाप्पा : हीच वस्ती. अन् ती बाई माझी बायको, म्हाळसा.

पल्लवी : अगं बाई.

काशाप्पा : चुकीची लिवली, असं शिवकन्या म्हनली?

पल्लवी : मॅडमनी सगळ्यांपुढं विचारलं. ती एवढंच म्हणाली, माझ्या हातून आकडा चुकला. दुसरं अक्षर नाही.

काशाप्पा : माझं नाव न्हाई घेतलं?

पल्लवी : तुमचं कशाला घेईल?

काशाप्पा : घ्यायला पायजे व्हतं गं तिनं... बग, त्या दिवशी आमची मेंढरं कातरायला काढलती. लोकर कातरायच्या दिवशी घरच्या बाईचं रगत सांडू द्यायचं न्हाई, अशी आमची रीत. साधं नखबी काढत न्हाईत बाया. म्हाळसा म्हनली, टोचून घेत न्हाई, उद्या या म्हना. आता तुमची गाडी उद्या येती व्हय?

पल्लवी : वर्षातनं एकदा येतो आम्ही.

काशाप्पा : तर. ड्रायव्हर हारन वाजवायलाय, बाकीच्या पोरी गाडीत बसल्यात, अन् शिवकन्या हितं, तू बसलीस तितंच. सगळ्या वस्तीची नावं झालती, म्हाळसाचंच राह्यलं. रडकुंडीला आली. म्या म्हनलं, रडू नगं, माझं दुसरं बोट घे अन् तिचं नाव लिव.

पल्लवी : अप्पा!

काशाप्पा : नगं म्हनली. दोनदा म्हनली. म्याच सोडंना. म्हनलं, चाळीस वर्सं एका चुलीवरचं खातो, हिची साखर काय येगळी असनार? हसली बिचारी. अन् टोचलं.

पल्लवी : किती आली?

काशाप्पा : एकशे पाच. मला एकशे पाच, तिलाबी एकशे पाच. नवरा-बायको ठणठणीत. मला तर वाटलं, लेकराचं भलं केलं.

पल्लवी : आणि म्हाळसाअक्कांना?

काशाप्पा : तिला तहान लागायची सारखी. तळपायाला मुंग्या यायच्या. म्या म्हनायचो, डाक्टरला दाखव. ती म्हनायची, कामून? क्यांपवाल्यांनी साखर न्हाई म्हनलंय की! तितं बोलायचं व्हतं, माय. तोंड उगडायचो अन् ‘चा ठेव’ म्हनायचो.

पल्लवी : मग?

काशाप्पा : मेंढरांमागं फिरताना बाभळीचा काटा मोडला पायात. दुखलाच न्हाई तिला. खंडोबाचा भंडारा लावला, वर फडकं बांधलं. पाय काळा पडला तवा बिदरला नेलं. साखर चारशेच्या वर. उजवा पंजा काढला.

पल्लवी : आणि वस्तीनं ठरवलं, मशीन खोटी.

काशाप्पा : आप्पाराव म्हनला, मल्लिकार्जुन म्हनला, समदेच म्हनले. म्या मान हलवली.

पल्लवी : नुसती मान हलवली? अप्पा, त्या दहा घरांत आज कुणाची साखर चारशे असेल, कुणाला कळणार? तिकडं शिवकन्या अक्का शेवटच्या बाकावर बसते, कुणाशी बोलत नाही. अन् तुम्ही मान हलवली!

काशाप्पा : बोल माय. आजून बोल. मला कोनी बोललंच न्हाई वर्सभर.

(आतून काठीचा टकटक आवाज जवळ येतो.)

म्हाळसाबाई : कोनाशी बोलायलाव ओ येवढं? आगं, पुन्ना आल्या का ह्या पोरी! बस बाई, चा पी, भाकर खा. पन बोट मागू नगंस. एक पंजा दिलाय तुमच्या मशीनीला, लई झालं.

पल्लवी : अक्का, मशीन खोटी नव्हती, ते...

काशाप्पा : थांब गं. तू नगं सांगू. म्हाळसे, खाली बस. काठी ठेव बाजूला.

म्हाळसाबाई : चाळीस वर्सांत कदी बस म्हनला न्हाईत मला. आज काय झालं? अन् डोळ्याला पानी कामून ओ तुमच्या?

काशाप्पा : सांगतो. समदं सांगतो. पल्लवी, तू उटू नगं माय. माझं सांगून होईस्तोर हितंच बस.