अँटेनावाले बापूराव

श्रीहरी: नाई ना काकाजी, चढाचं म्हंजे पूरं आढ्यावर नाई चढाचं. शिडीवरून छपराच्या कवेलावर एक पाय ठेवला तरी चालते. बाकी कॅमेऱ्यात जमवून घेऊ आमी.

केसरबाई: एक पाय कवेलावर अन् दुसरा कुठी, दवाखान्यात? सत्तरीच्या मानसाले छपरावर चढवाले निंगाला तू!

श्रीहरी: काकू, तुमी आधी ऐकून तं घ्या. आपल्या गावात टीव्ही येऊन चाळीस वर्सं होऊन राह्यले. साऱ्या आजूबाजूच्या गावायत पयला टीव्ही, अन् तो आमच्या घरी! परवा रविवारी तिथीच कार्यक्रम ठेवला. नागपूरहून चॅनलवाले येऊन राह्यले. सभापतीसाहेब मार्कंड्याच्या महादेवाचं दर्शन करून तसेच इकडं येनार. तेच घर, तेच टेबल, तोच टीव्हीचा डब्बा, तोच बांबू, तोच अँटेना.

बापूराव: तो अँटेना तं तुमच्या गोठ्यात होता ना रे? कोंबड्या बसत त्याच्यावर.

श्रीहरी: घासून-पुसून चांदीवानी केला काकाजी.

बापूराव: अन् त्या काड्यायवर आता काई येते का?

श्रीहरी: काई नाई येत. ते टॉवरच बंद झाले. डब्बा बी जळून गेला हाय. पन आमी आयडिया केली. डब्ब्याचं ते लाकडी खोकं हाय ना, शटरवालं, त्याच्यात नवा छोटा टीव्ही बसवला. मांगून पेनड्राइव्ह. त्याच्यात ती रविवारची देवाची सिरियल टाकली. पब्लिकले वाटन, तोच डब्बा चालून राह्यला.

केसरबाई: वरून कीर्तन, अंदरून तमाशा.

बापूराव: मंग मी वर काय करू?

श्रीहरी: तुमी बांबू फिरवाचा. फिरवता फिरवता वरून वरडाचं, "आलं का?" खालून सारी पब्लिक म्हनन, "आलं!" बस. एका मिनटाचं काम हाय. त्याची रील अशी चालन काकाजी, दुसऱ्या दिवशी तुमी मुंबईत फेमस!

बापूराव: खालून "आलं" म्हननार?

श्रीहरी: हो ना.

बापूराव: बरं हाय. आयकाचं राह्यलंच होतं ते.

श्रीहरी: म्हंजे?

केसरबाई: यायले का इचारतं, घरी बापाले इचार. पत्रूभाऊ बसले असन ना खाटेवर.

श्रीहरी: बाबाले आता काई याद नाई राहत काकू. मले बी कदी कदी ओयखत नाई. पन टीव्हीचं नाव काढलं का म्हनते, "बापूले बलाव, बापूबिगर येत नाई." देवाशप्पथ! म्हनून तं बॅनरवर तुमाले लिवलं: "आपल्या गावाचे अँटेनावाले बापूराव." फोटो बी टाकला. तुमचा जुना फोटो नाई भेटला, म्हनून कवेलू फेरतानीचा टाकला.

बापूराव: कवेलू फेराचाच तं धंदा होता बाबू. पावसाळ्याच्या आधी अर्ध्या गावाचे छपरं मीच फेरत होतो. म्हनून तं तुया बापानं मले चढवलं. दुसरा कोनी चढला का कवेलू फुटे. मी चढलो का मांजर चढल्यावानी.

श्रीहरी: तेच! हेच तुमी कॅमेऱ्यापुढं बोलजा. अन् सत्कार बी ठेवला हाय. शाल, नारळ, सारं.

केसरबाई: कुठी?

श्रीहरी: कुठी म्हंजे, तिथीच. साहेबायले टाइम कमी हाय ना, म्हनून काकाजीले खाली उतरवत नाई बसाचं. साहेब शिडीच्या दोन पायऱ्या चढन अन् वरच शाल देईन. फोटो बी आगळा येते.

केसरबाई: बाप्पा बाप्पा! आयकलं का जी? शाल बी छपरावर! या घरानं तुमाले खाली उतरवाचं नाईच असं ठरवलं हाय.

श्रीहरी: काकू, तुमी कोनत्याबी गोष्टीले तिकडं काऊन नेता? मी तं तेव्हा जलमलो बी नवतो.

केसरबाई: मंग आयक. जलमला नवता तं आयक. रविवारी सकायी सारं गाव तुमच्या घरी. तुमचे लोक आत, सतरंजीवर. आमच्या मोहल्ल्यातले आंगनात. आमी खिडकीतून पाहावं. एका खिडकीत किती मुंडके मावते? आमचा धम्मदीप माया कडेवर, अन् मी टाचा वर करून. तुयी आजी टीव्हीले हार घाले, उदबत्ती लावे, नारळ फोडे. प्रसाद खिडकीतून देये, वरून टाकून. अन् हे माये मालक छपरावर, बांबू धरून. सिरियल सुरू होये तवापासून खतम होये तवापर्यंत.

श्रीहरी: रेंज कमी होती ना तवा. हवा आली का अँटेना फिरे. कोनाले तरी धरनंच पडे.

बापूराव: ते खरं हाय. मले बी तसंच वाटे. मी वरून वरडो, "पत्रूभाऊ, आलं का?" तुया बाप खालून म्हने, "नाई आलं बाप्पा, धरून राह." मी धरून राहो. हात भरून येत. मनात म्हनो, लोकायले पडद्यावर मुंग्याच दिसून राह्यल्या असन बिचाऱ्यायले.

केसरबाई: बिचाऱ्यायले!

बापूराव: मंग एक दिवस मी एक कवेलू सरकवलं. कवेलू फेरनाऱ्या मानसाले एक कवेलू सरकवाले काय लागते? मनात म्हटलं, एका डोयानं पाहून तं घेऊ. वरून डब्ब्याची पाठ दिसली. पडदा नाई दिसला, पन लोकायचे तोंडं दिसले ना. साऱ्यायच्या तोंडावर उजेड. तुयी आजी आरती ओवाळून राह्यली. तुया बाप समोर मांडी घालून, हात जोडून, तोंड उघडं. बाबू, मुंग्या पाहून कोनाचं तोंड तसं नाई होत. मी वरडलो, "पत्रूभाऊ, आलं का?" त्यानं डब्ब्यावरची नजर बी नाई हटवली. म्हने, "नाई आलं बाप्पा, धरून राह."

श्रीहरी: सोडला असता तं चित्र हाललं असतं काकाजी. म्हनून म्हनले असन.

बापूराव: असन.

केसरबाई: दोरी नवती का तुमच्या घरी? बैलं बांधाले तं होती. बांबूच बांधाले नवती?

श्रीहरी: काकू…

केसरबाई: "आलं" म्हटलं असतं तं हे उतरले असते. उतरले असते तं दारात येऊन उभे राह्यले असते. मंग "आत ये, बस" म्हननं पडलं असतं. तेवढं एक म्हनाचं नवतं, म्हनून मानूस छपरावर ठेवला. रविवारी हे घरी येऊन मले सांगे, "आज बी साफ नाई आलं म्हनते." मी खिडकीतून सारं पाहून आलेली! कोन्या तोंडानं सांगू यायले का चोख आलं होतं म्हनून?

बापूराव: कवेलू सरकवलं तवा तुले सांगतलं ना मी.

केसरबाई: सांगतलं. अन् पुढच्या रविवारी आंग धुऊन पुन्हा चढाले गेले! मी म्हटलं, नोका जाऊ. आयकलं का?

बापूराव: सोडला असता तं खिडकीतल्या पोरायले बी मुंग्याच दिसल्या असत्या वं. आपला धम्मदीप बी होता ना त्याच्यात.

श्रीहरी: काकाजी, तो टाइमच तसा होता. आता कोन मानते असं? आता तं आपन सारे एकाच ताटात जेवतो. मी तुमच्या घरी चा पितो का नाई? आताच पेलो.

बापूराव: पेला ना. कोन नाई म्हनते?

श्रीहरी: मंग येनार ना परवा?

बापूराव: येतो. मले एक खुर्ची पाह्यजे. त्याच खोलीत, डब्ब्याच्या समोर.

श्रीहरी: खुर्ची तं भेटन. पन समोरची… समोरच्या खुर्च्या पाहुन्यायच्या हायेत काकाजी. सभापती, त्यायचे दोन मानसं, चॅनलवाले, आमच्या घरचे…

केसरबाई: घ्या! अन् आताच म्हने कोन मानते!

श्रीहरी: त्यात तसं काई नाई काकू, प्रोटोकॉल असते! अन् काकाजी, तुमच्या घरी तं धम्मदीपनं पन्नास इंची लावला. त्या छोट्याश्या डब्ब्यात पाह्याले काय ठेवलं हाय?

बापूराव: मले टीव्ही नाई पाहाचा बाबू. साऱ्या सिरियली पाहून झाल्या माया. मले त्या खोलीत बसाचं हाय. चाळीस वर्सं तिच्यावरचे कवेलू फेरले, एकेक वासा पाठ हाय मले. खालून ती खोली कशी दिसते ते नाई पाह्यलं.

श्रीहरी: मंग बांबू कोन धरन?

बापूराव: तू धर.

श्रीहरी: मी?

बापूराव: जवान हायेस. अन् रील कोनाची चालन सांग, म्हाताऱ्याची का तुयी? घरचा पोरगा आपल्याच छपरावर चढला म्हनतीन लोक.

श्रीहरी: …तसं पाह्यलं तं आयडिया खराब नाई. पन बॅनरवर तुमचा फोटो हाय.

केसरबाई: राहू दे फोटो वरच. मानूस खाली बसन.

*(रविवारची सकाळ. पत्रूजींच्या घरची समोरची खोली. श्रीहरीचा आवाज छपरावरून येतो.)*

बापूराव: ये ना वं, दारात काऊन उभी?

केसरबाई: मी इथीच बरी. पाय इथीच थांबते माया.

बापूराव: आत ये. खुर्ची हाय बाजूले.

केसरबाई: कोन म्हनलं आत ये म्हनून?

बापूराव: मी म्हनून राह्यलो ना. अन् पत्रूभाऊ बी हायेत खाटेवर. पत्रूभाऊ, केसर आली बरं का. पाह, मान हालवली त्यायनं.

केसरबाई: मान तं ते साऱ्यायलेच हालवते आता. सरका तिकडं. खुर्च्यायच्या लायनी कशा लावल्या बाप्पा! अन् पाहुने कुठी हायेत?

बापूराव: रस्त्यात ट्रकायची लाइन लागली म्हनते. फसले. तवापर्यंत श्रीहरी प्रॅक्टिस करून राह्यला.

श्रीहरी: काकाजी! चढलो मी! कुठी पाय ठेवू?

बापूराव: कवेलाच्या मधात नोको ठेवू! खाली वासा हाय, त्याच्यावर ठेव!

श्रीहरी: वासा दिसत नाई ना!

बापूराव: दिसत नाईच तो. पायाले समजते.

केसरबाई: फुटलं जी एक.

बापूराव: फुटू दे. फेरून देईन.

श्रीहरी: बांबू धरला काकाजी! लय जड हाय हो हा! ए डब्ब्याजवळच्या पोरा, पेनड्राइव्ह लाव! काकाजी, आलं का?

केसरबाई: अगं बाई! चोख आलं. रंग बी पाहा कसे!

बापूराव: नाई आलं!

केसरबाई: अजी, काऊन खोटं बोलता? दिसून तं राह्यलं!

बापूराव: बस तू. पाह ते.

श्रीहरी: फिरवू का?

बापूराव: थोडा डाव्या हाताले! हां. अजून नाई!

केसरबाई: तुमाले का झालं आज? पोराचे पाय थरथरून राह्यले असन वर.

बापूराव: ही खोली लहान हाय वं. मले वरून मोठी वाटे. इथी बसून पाह्यलं तं पाच पावलाची नाई. एवढ्याश्या खोलीत एक मानूस जास्त मावला असता.

केसरबाई: मावला असता. दोन बी मावले असते. डोये पुसा, लोक येतीन.

श्रीहरी: काकाजी! आता तं आलं असन!

बापूराव: नाई आलं बाप्पा, धरून राह!

केसरबाई: …पत्रूभाऊ हासले जी.

बापूराव: हासले?

केसरबाई: तुमच्याकडं पाहून. नाई, हासले नाई, रडून राह्यले. पाहा ना, त्यायचं तोंड पाहा.

बापूराव: राहू दे. पत्रूभाऊ, राहू द्या. घ्या, माया हात धरा. काई नाई होत. श्रीहरी! आलं बाबू! सोड बांबू, उतर खाली!

श्रीहरी: खरंच आलं? सोडू? सोडला तं चित्र हालन ना काकाजी!

केसरबाई: अरे याड्या, पेनड्राइव्ह लाव म्हनून तूच वरडला ना! त्या बांबूले वायर तरी हाय का?

श्रीहरी: …अरे हो!

केसरबाई: मंग एवढा वेळ काऊन धरून राह्यला रे?

श्रीहरी: काकाजी म्हनले ना, धरून राह. म्हनून धरला.

बापूराव: मी बी म्हनूनच धरला होता बाबू. ये आता खाली, खुर्ची खाली हाय.