शार्कच्या पुडीची वाटणी

गुडघ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. संशोधनाचा निकाल आज कळणार होता.

“जाऊबाई, डॉक्टरांना सांगून टाकू या का?”

“काय सांगायचंय?”

“डब्यांचं. निम्म्या जणींना शार्क माशाच्या कूर्चेची पूड आणि निम्म्या जणींना नुसतं पीठ देतोय, म्हणाले होते. कुणाला काय मिळालं ते कुणालाच कळता कामा नये.”

“मग कळलंय का तुला?”

“नाही. पण आपण दोन्ही डबे एकत्र कालवले ना!”

“मग काय करायचं होतं? एका घरातल्या दोघी जावा, त्यात एकीला शार्क आणि एकीला पीठ? गुडघा तुझा बरा झाला असता आणि पोटात माझ्या दुखलं असतं.”

“आपलं ठीक आहे हो. पण मागच्या खेपेला तुम्ही घरून मोठं पातेलं आणलंत आणि या सगळ्या बायकांचे डबे त्यात ओतलेत.”

“बिचाऱ्या झुरत होत्या गं, आपल्याच वाट्याला पीठ आलं असणार म्हणून. आता बघ कशा निवांत बसल्यात.”

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“अजून जरा थांबा हं. डॉक्टर आकडे तिसऱ्यांदा तपासतायत. दोन्ही गटांना अगदी सारखाच गुण आलाय, कणभरही फरक नाही.”

“कसा असेल? चमच्याने मोजून वाटलंय मी.”